काकूच्या जागी कुंडी

आत्याला एखादी गोष्ट स्वतः करायची लाज वाटली की ती लहानांना सांगते. हे मला आता कळलंय. आधी वाटायचं, मी हुशार आहे म्हणून सांगते.

"टिटवी, इकडे ये गं," ती हॉलमधून ओरडली. "फोटोंचं काम आहे."

टिटवी म्हणजे मी. माझा आवाज मोठा, म्हणून घरात हे नाव पडलं. गेल्या वर्षापर्यंत कोणी टिटवी म्हटलं की मी उशीत तोंड खुपसून रडायचे. यंदा शाळेच्या वादविवादात समोरच्यांची बोलती बंद केली आणि लक्षात आलं, अरे, हे तर फुकट मिळालेलं भांडवल आहे! तेव्हापासून मी कुजबुजणं सोडून दिलंय.

आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि टीव्हीत पाल शिरल्यासारखी त्याच्याकडे बघत होती. आमच्या टीव्हीवर कोणी काही लावलेलं नसलं की घरचे फोटो आपोआप एकामागून एक येत राहतात. तेव्हा तळ्याकाठचा आला होता. आम्ही सगळे, मध्ये खुर्चीवर आजोबा, जे आता नाहीत, आणि अगदी कडेला, माझ्या खांद्यावर हात टाकून, काकू.

"रविवारी त्या ग्रंथपाल बाई जेवायला येणार आहेत," आत्या म्हणाली. "तुझ्या काकाचं आता कुठे मार्गी लागतंय. त्यांच्यासमोर हे असलं काही नको."

"असलं म्हणजे?"

"असलं म्हणजे ही." आत्याने हनुवटीने टीव्हीकडे खूण केली.

काकू घर सोडून गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून आमच्याकडे तिला नाव नाही. ती नुसती 'ही' किंवा 'ती' असते. घटस्फोटाच्या कागदांत तिचं नाव जप्त करा असं लिहिलं होतं का, मला माहीत नाही.

"फोटो काढून टाकू?"

"फोटो कशाला? आजोबा बघ किती छान हसलेत त्यात. तू फक्त तिला काढ. तुला येतं की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आईकडे बघितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मध्ये न पडण्यात माझ्या आईचा हात कोणी धरणार नाही. तिने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

काका दारातच उभा होता. "काका, तुला चालणार आहे हे?"

"तुम्ही ठरवा."

"तुझ्या बायकोचे फोटो आहेत!"

"होती," काका म्हणाला आणि पाणी प्यायला गेला. अडचणीची वेळ आली की काकाला नेमकी तहान लागते.

तर बसले मी कामाला.

आमचा सगळ्यांचा मिळून एक अल्बम होता, 'आपण सगळे' नावाचा. काकू लग्न होऊन आली तेव्हा तिनेच तो सुरू केला. त्याआधी घरातले फोटो म्हणजे ज्याच्या फोनमध्ये त्याचे. आत्याचा फोन तर सुप्रभातच्या फुलांनी कायम भरलेला. काकूने एकेकाला धरून शिकवलं: फोटो अल्बममध्ये टाका, मग फोनमधून खुशाल उडवा. बाबा बोटीवर कामाला असतात, ते समुद्रातून त्यात आम्हाला बघायचे. मी जरा मोठी झाल्यावर काकूने मला त्यातले फोटो बदलायची परवानगी दिली. "टिटवी, वाकडे सरळ करणं, काळोखे उजळणं, आजपासून तुझ्याकडे."

अल्बममध्ये एका चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्या माणसाचे सगळे फोटो एकत्र येतात. आत्याच्या चेहऱ्यावर ठेवलं तर सरकवता सरकवता बोट दुखलं. काकूच्या चेहऱ्यावर ठेवलं आणि पडदा जेमतेम भरला. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. मग कळलं. कॅमेरा सतत तिच्याच हातात असायचा ना!

पण एकदा शोधायला लागल्यावर ती सगळीकडे दिसायला लागली. गवतावर कोपरं वर केलेली सावली. कोपऱ्यात आलेला अंगठा. आजोबांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत मुंगीएवढी काकू. आणि आमचं हसू. कारण फोटो काढताना ती एक-दोन-तीन कधीच म्हणायची नाही. नाक वर करून हवा हुंगायची आणि अगदी गंभीरपणे विचारायची, "सोडला कोणी?" की आजोबांसकट सगळे फुटायचे, आणि तेवढ्यात खटक. अल्बमभर अक्कलदाढ दिसेल एवढी हसणारी आत्या आहे. एरवी तिचे ओठ दाराच्या कडीसारखे बंद असतात.

ते हसू आत्याला हवं होतं. हसवणारी नको होती.

कापायला गेले तर दुसरीच पंचाईत. काकू ज्या थोड्या फोटोंत होती, त्या प्रत्येकात मी तिला चिकटलेली. तिला कापलं की तळ्याकाठी माझा हात जायचा, एका फोटोत वेणी जायची, आणि एकात तर नुसतं माझं नाक उरलं. म्हणजे झाकायला हवं. मी इतकी चिडले होते की उठून गॅलरीत गेले, तिथल्या काठ फुटलेल्या कुंडीचा फोटो काढला आणि तळ्याकाठी काकूच्या जागी चिकटवला. काकूचा हात मात्र माझ्या खांद्यावर तसाच राहिला. कुंडीने माझ्या खांद्यावर हात टाकला होता!

म्हटलं, आता आत्याला दाखवते. हे बघून तरी लाज वाटेल.

आत्याने चष्मा लावला. फोन लांब धरला, जवळ धरला. "वा गं! किती साजरी दिसतेय! तो हात तेवढा पूस. असंच सगळीकडे कर."

केलं. सगळीकडे तीच कुंडी, त्याच फुटक्या काठाची. म्हटलं, कोणीतरी म्हणेलच की काय हा मूर्खपणा. आठवडाभर टीव्हीवर कुंड्या येत होत्या आणि एक माणूस काही बोललं नाही.

रविवारी ग्रंथपाल बाई आल्या. बारीक कापलेले केस, शांत. आत्याने त्यांना मुद्दाम टीव्हीसमोरची खुर्ची दिली. त्या जेवत होत्या आणि मधून मधून वर बघत होत्या.

"तुमच्याकडे बागेची आवड आहे वाटतं," त्या म्हणाल्या.

"हो तर! आमच्या घराला झाडांचं वेडच," आत्या म्हणाली. आमच्या गॅलरीत दोन झाडं आहेत, त्यातलं एक प्लॅस्टिकचं.

"ही कुंडी तळ्यावर पण नेली होती?"

काकाने पाण्याचा पेला उचलला.

"आणि दवाखान्यात?" टीव्हीवर तेव्हा आजोबा खाटेवर उशीला टेकून बसले होते, आणि त्यांच्या उशाशी, त्यांच्याकडे वाकून, कुंडी.

मला जोरात हसू फुटलं. आईने टेबलाखालून पाय मारला. आणि तेवढ्यात टीव्ही काळा झाला. मधोमध पांढरी अक्षरं आली: 'दाखवण्यासारखं काहीही नाही.'

"टिटवी! काय केलंस तू?" आत्या कडाडली.

"मी जेवतेय!"

मी फोन उघडला. अल्बम नव्हता. आईच्या फोनमध्ये नव्हता, काकाच्या नव्हता. जिथे 'आपण सगळे' असायचं तिथे कोरी जागा.

"कोणी काही दाबलंत का?"

"मी काहीसुद्धा दाबलं नाही," आत्या म्हणाली. न विचारता बोलली तिथेच मला कळलं. "सकाळी फक्त तिला एक मेसेज केला. तिचं नाव अजून अल्बमच्या यादीत सगळ्यात वर होतं. बरं दिसतं का ते?"

मी तिचा फोन घेतला आणि वाचला. मोठ्याने. पाहुण्यांसमोर. "आपला आमच्या कुटुंबाशी आता काहीही संबंध उरलेला नाही. तरी कृपया आमच्या फोटोंमधून निघून जावे." खाली काकूचं उत्तर होतं: "बरं."

"आत्या, तिचं नाव सगळ्यात वर होतं कारण अल्बम तिचा होता! मालकिणीलाच म्हणालीस, चल, नीघ. ती निघाली. घर उचलून निघाली!"

"तिचा कसा? फोटो आमचे, तोंडं आमची!"

"दुसरीकडे कुठेतरी प्रती असतील ना?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

नव्हत्या. सगळ्यांनी फोनमधून खुशाल उडवले होते, काकूने शिकवल्याप्रमाणे.

आत्याचा चेहरा उतरला. "आजोबा," ती एवढंच म्हणाली. आजोबा म्हणजे तिचे बाबा. मग माझ्याकडे वळली. "टिटवी, तू जा तिच्याकडे. तुझं ऐकेल ती."

म्हणजे बघा! हाकलायलाही मी आणि बोलवायलाही मीच!

"जाते," मी म्हणाले. "पण तुझ्यासाठी नाही. त्यात मी आहे."

आणि खरंच होतं ते. माझा पडलेला दात, पहिली सायकल, पाय मोडला तेव्हाचं प्लॅस्टर, ज्यावर आजोबांनी बेडूक काढला होता. मी लहान असताना होते, याचा दुसरा काय पुरावा होता माझ्याकडे? आत्याच्या एका मेसेजने आणि काकूच्या एका 'बरं'ने माझं अख्खं लहानपण उडालं होतं, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

काकू कवळ्या बनवते. दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत तळघरात तिची लॅब आहे. शाळा सुटल्यावर तिथे गेले. आत घरघर चालू होती, हवेत प्लॅस्टरची भुकटी, आणि फळ्यांवर ओळीने प्लॅस्टरचे जबडे, प्रत्येकाला एकेक चिठ्ठी. काकू दिव्याखाली वाकून गुलाबी मेणात दात बसवत होती. वर्षभराने भेटत होतो. तिने मान वर केली नाही.

"आलीस? कुंडी नाही आणलीस?"

मी दप्तर खांद्यावरून खाली ठेवलं.

"रोज माझा फोन वाजायचा. टिटवीने फोटो बदलला. टिटवीने फोटो बदलला. मी हौसेने उघडला. तर माझ्या जागी कुंडी! आणि तीही काठ फुटलेली. निदान चांगली तरी निवडायची गं."

"मला सांगितलं होतं करायला."

"आणि तू केलंस."

"चिडून केलं! इतकं भयंकर केलं की कोणीतरी बास म्हणेल."

"म्हणालं?"

"नाही."

काकूने मेणावरचा चुरा फुंकरीने उडवला. "मग आता काय? आत्यांना आजोबा हवेत?"

"मला मी हवी आहे."

तेव्हा कुठे तिने वर बघितलं. आणि माझा बांध फुटला. वर्षभराचं सगळं एकदम. "तू निघून गेलीस तेव्हा मला सांगितलं नाहीस! शाळेतून आले तर दारात तुझ्या चपला नव्हत्या. मी आईला विचारलं तर आई घड्या घालायला लागली. एक फोन नाही, काही नाही! आणि आता पुन्हा तेच. निघालीस, आणि मला घेऊन निघालीस!"

"तुला काय सांगणार होते मी? तुझा काका काही विचारलं की उठून पाणी पितो, म्हणून जातेय, असं?"

"हो! असंच सांगायचं! मला कळलं असतं!"

पलीकडे मशीनवर बसलेल्या दाढीवाल्या कारागिराने मशीन बंद केलं. घरघर थांबली आणि माझा शेवटचा शब्द तळघरभर घुमला.

"हळू बोल," काकू म्हणाली.

"येत नाही मला हळू!"

तिने हात पुसले आणि फोन काढला. "तुझे मी तुला देणारच होते. वेगळे करून ठेवलेत. हे बघ."

मी बघितले. सायकलवर मी, आणि सीटला धरलेली चार बोटं. ती काकाची. तो मागून धावत होता, बोटांच्या पुढे त्याला कापून टाकलं होतं. दात पडलेली मी, आणि माझी हनुवटी धरलेला एक नुसताच हात, आत्याच्या बांगडीसकट. पुढच्या फोटोत मी कोणाच्या तरी दोन गुडघ्यांवर बसले होते. गुडघ्यांना माणूसच नव्हता.

"हे काय आहे?"

"तू आहेस."

"मी कोणाच्या गुडघ्यांवर बसलेय?"

काकूने पुन्हा हात पुसले.

"हे आजोबांचे गुडघे आहेत! त्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं?" मला वाटलं आता रडू येणार. पण नाही आलं, आवाजच आला. "तिकडे ती तुला कुंडीखाली गाडते, इकडे तू सगळ्यांना कात्री लावतेस, आणि दोन्हीकडे तुटते मी! भांडा ना, खुशाल भांडा! पण माझे हातपाय कशाला तोडता?"

"आजोबा माझेही होते," ती हळूच म्हणाली. "दवाखान्यात त्यांना भरवायला कोण होतं, विचार तुझ्या आत्याला."

"मग का कापलेस?"

ती त्या दोन गुडघ्यांकडे बघत राहिली.

"सगळे दे," मी म्हणाले. "अख्खे. तू, आत्या, काका, सगळे जसे होते तसे. नाहीतर एकही नको. अर्धी मी मला नकोय."

"आणि नाही दिले तर? काय करशील?"

"ओरडेन."

दाढीवाला फिसकन हसला. काकू हसली नाही. तिने मेण पुन्हा दिव्याखाली ओढलं. "जा आता. मला हे दात आजच द्यायचे आहेत."

मी गेले. जाताना दार इतकं जोरात आपटलं की फळीवरच्या जबड्यांचे दात वाजले.

घरी आत्या दारातच. "दिले?"

"नाही."

"बघा! आहेच तशी ती! पहिल्यापासून..."

"आत्या, तू तिला निघून जा म्हणालीस. ती गेली. तू सांगितलेलं कोणी इतकं मुकाट्याने ऐकलंय का कधी? मग आता कशाला बोलतेस?"

आई घड्या घालता घालता थांबली. आणि सांगायलाच हवं, ती हसली. अगदी थोडंसं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर फोन उघडला तर वर लिहून आलं होतं: 'या अल्बमच्या मालक आता तुम्ही आहात.' खाली काकूची एक ओळ. "सगळे आहेत. माझी कात्री मी काढली. कुंड्या तुझ्या तू काढ."

मी दप्तरही उतरवलं नाही. एकेक करून सगळ्या कुंड्या उचलल्या. प्रत्येकीच्या खालून काकू निघत गेली. दवाखान्यात आजोबांना भरवणारी काकू निघाली, तेव्हा मात्र मी दप्तर उतरवून खाली बसले. तो फोटो मी काढला होता. वाकडा आलाय. तसाच ठेवला.

मग सगळ्यांना अल्बममध्ये यायचे निरोप पाठवले. बाबा बोटीवरून आधी आले. आई आली. रात्री जेवायच्या आधी काका आला. त्याला यावंच लागलं. ग्रंथपाल बाईंनी त्याला सांगितलं होतं म्हणे, कुंडीमागे कोण होतं ते तुम्ही स्वतः मला सांगा, मग पुढचं बोलू. काका त्यांच्याशी बराच वेळ फोनवर बोलत होता, आणि मध्ये एकदाही पाणी प्यायला उठला नाही. माझं लक्ष होतं.

आत्याला निरोप पाठवला तर ती फोन घेऊन माझ्या खोलीत आली. "या यादीत ती पण आहे."

"आहे."

"मग मला नको."

"नको तर नको."

ती दोन दिवस टिकली. काल पुन्हा आली. कपाटाच्या मुठीवरची धूळ बोटाने पुसली, माझी पुस्तकं उगाच सरळ केली. "आजोबांचा तो तळ्यावरचा फोटो तेवढा पाठव मला."

"सुटा देत नाही. बघायचा तर आत यायचं."

"ती असताना?"

"ती असताना. आणि त्याआधी तिला मेसेज करायचा. जसा आधी स्वतःच्या हाताने केला होतास तसाच. या वेळी दुसरा."

"काय लिहू त्यात?"

"ते मी कशाला सांगू? मोठी तू आहेस ना!"

"जीभ फार सुटलीय हं तुझी!"

"हो."

थांब, बाबांनाच सांगते तुझं नाव, असं म्हणणाऱ्या लहान मुलीसारखी, कधी नव्हे ती, माझ्याकडे बघून आत्या गेली. दार आपटून. आमच्या घरात आता सगळेच दार आपटायला लागलेत.

आज तिची आत येण्याची विनंती माझ्या फोनवर आलीय. खाली दोन बटणं आहेत, 'घ्या' आणि 'नको'. मी कुठलंच दाबलेलं नाही. हॉलमधून तिच्या फोनचे बारीक आवाज येतायत. टक टक, एकेक अक्षर. मग सलग टकटकटक, सगळं खोडल्याचं. मग परत एकेक.

"दाबून टाक गं," आई म्हणाली. "किती वेळ ताटकळत ठेवशील? मोठी आहे ती."

"आई," मी म्हणाले, हॉलमध्ये नीट ऐकू जाईल अशा आवाजात, "तिचं लिहून झालं की दाबते."